तिरडीवरचं हसू

मी तिरडीवर आडवी पडले होते, नाकात कापूस होता, आणि डोक्यात जिलेबी ठेवायची की गुलाबजाम हा प्रश्न घोळत होता.

"बाई, श्वास दिसतोय," पराग म्हणाला. पराग आमचा एपिसोड डायरेक्टर.

"श्वास घ्यावा लागतो रे. जुनी सवय आहे."

"थोडा वेळ नका घेऊ. क्लोजअप आहे."

घोडबंदर रोडवरच्या भाड्याच्या बंगल्याच्या अंगणात जहागीरदारांचं अख्खं घराणं हंबरडा फोडायला टपून बसलं होतं. मोठी सून आरशात बघून डोळ्यांत ग्लिसरीन घालत होती. मला विष तिनेच दिलं होतं, त्यामुळे तिला इतरांपेक्षा जास्त रडणं भाग होतं. माझी मुलगी झालेली जुईली माझ्या छातीवर डोकं टेकायच्या आधी कानाशी येऊन म्हणाली, "बाई, माझी क्लिप टोचली तर सांगा हं."

"मेल्यावर कशी सांगू?"

"पायाचा अंगठा हलवा."

मालिकेचं नाव 'नांदतं घर जहागीरदारांचं'. नावात नांदणं होतं, बाकी मालिकाभर कोणी कोणाला नांदू दिलं नाही. मी त्यातली मोठ्याबाई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, कमरेला किल्ल्या, आणि कोणीही काहीही बोललं की आधी कॅमेऱ्याकडे, मग बोलणाऱ्याकडे बघायचं, हे माझं काम. सहा वर्षं ते मी मन लावून केलं. बाजारात बायका मला वाकून नमस्कार करायच्या आणि भाजीवाले कोथिंबीर फुकट द्यायचे. अभिनयाचं यापेक्षा मोठं चीज महाराष्ट्रात होत नसतं.

आता मेले कशी ते सांगते. सुट्टी मागितली म्हणून मेले.

माझ्या खऱ्या मुलीचं, ऋजुताचं लग्न ठरलं होतं. लग्न नाशिकला, मुलाकडच्यांच्या गावी. मला लग्नाचा आठवडा हवा होता. मी निर्मात्याकडे, हेमंत लोटलीकरकडे गेले. युनिटभर त्याला दादा म्हणायचे. वयाने माझ्याहून बराच लहान, पण मालिका काढली की माणूस आपोआप दादा होतो.

"लग्न?" तो म्हणाला. "पुन्हा?"

"ते जुईलीचं होतं. हे माझ्या मुलीचं आहे."

त्याची चूक नव्हती. जुईलीचं लग्न मी तीनदा लावलं होतं. पहिल्यांदा पाठवणी झाल्यावर नवरदेव पळाला, दुसऱ्यांदा नवरदेवाचा जुळा भाऊ बोहल्यावर उभा राहिला, तिसऱ्यांदा खुद्द नवरदेव आला तेव्हा नवरी सासरच्या उंबऱ्यावर कोमात गेली. दर लग्न तीन-तीन आठवडे चाललं. हळद एक आठवडा, मेंदी एक आठवडा, आणि मंगलाष्टकं सुरू असताना प्रत्येकाच्या तोंडावर कॅमेरा जाऊन येईपर्यंत आणखी एक. पाठवणीला मी तिन्ही वेळा ढसाढसा रडले होते. तिसऱ्या रडण्याला बक्षीसही मिळालं.

"बाई, आठवडा?" दादाने कपाळाला हात लावला. "रोज एपिसोड जातो. तुम्ही घराचा कणा आहात."

"मला काशीला पाठव."

"काशीला आजोबा आहेत. दोन वर्षं झाली, त्यांनाच परत आणायला जमलेलं नाही."

"मग कोमात घाल."

"कोमात जुईली होती नुकतीच. लोक म्हणतील, या घरात पाणी तपासून घ्या."

मी उठले. म्हणाले, "हेमंत, मी माझ्या मुलीच्या लग्नाला जाणार. जमत असेल तर सुट्टी दे, जमत नसेल तर मारून टाक."

हे मी रागाने म्हटलं होतं. त्याने ते लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पटकथेत माझ्या दुधात काहीतरी पडलं. आठवड्याच्या आत मी तिरडीवर. सहा वर्षांची नोकरी गेली, हे खरं. पण तिरडीवर पडल्या पडल्या मला जे हलकं वाटत होतं ते काय सांगू! ऋजुता दहावीला बसली तेव्हा मी सेटवर. ती तापाने फणफणली तेव्हा मी सेटवर जुईलीच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते. निदान लग्नाला तरी मी तिची आई म्हणून उभी राहणार होते, पहिल्या मुहूर्तापासून पाठवणीपर्यंत, मध्ये कोणी 'कट' न म्हणता. एवढंच मला हवं होतं.

"ॲक्शन!" पराग ओरडला. जहागीरदारांनी टाहो फोडला. जुईलीची क्लिप टोचली. मी अंगठा हलवला नाही. मरण चांगलं व्हावं असं कोणत्याही नटीला वाटतंच.

"छान. कॅमेरा चालू ठेवा," पराग म्हणाला आणि आवाज खाली आणला. "बाई, आता हसून घ्या."

ही आमच्या लोकांची रीत. पडद्यावर कोणी मेलं की कॅमेरा बंद करायच्या आधी त्या नटाने डोळे उघडून कॅमेऱ्यात बघून हसायचं. म्हणजे ते मरण पुसलं जातं, खऱ्या आयुष्यात शिरत नाही. आमच्या क्षेत्रात देव न मानणारे सापडतील, लग्न न मानणारे तर पुष्कळच सापडतील, पण मेल्यावर हसायला नकार देणारा अजून जन्माला आलेला नाही. तो तुकडा नंतर एडिटर कापून टाकतो.

सगळं अंगण गप्प झालं. माझी हेअरड्रेसर मंदाताई कॅमेऱ्यामागे हात जोडून उभी होती. मी डोळे उघडले, मला नाशिकचा मांडव दिसला, आणि मी हसले. नाकात कापूस असताना इतकं कोणी हसलं नसेल.

"कट!"

मी उठले, तिरडीवरची फुलं झटकली आणि रिक्षा करून घरी गेले.

तो एपिसोड त्याच संध्याकाळी जायचा होता. आमच्याकडे सगळं गरमागरम असायचं, तव्यावरून थेट ताटात. मी, ऋजुता आणि आमचे हे, दिगंबर, अक्षतांच्या पुड्या बांधत टीव्हीसमोर बसलो होतो. दिगंबरना मालिकेत रस नव्हता, पण बायको मरताना बघायला मिळते आहे म्हणून आवर्जून बसले होते.

तिरडी आली. मागे ती नेहमीची बाई 'आऽऽ' करून गायला लागली. घराणं रडलं. कॅमेरा हळूहळू माझ्या चेहऱ्याजवळ आला आणि थांबला.

आणि मोठ्याबाईंनी डोळे उघडले, उभ्या महाराष्ट्राकडे पाहिलं आणि दात दिसेपर्यंत हसल्या.

पुढच्या क्षणाला टूथपेस्टची जाहिरात लागली.

"तू हसलीस," दिगंबर म्हणाले.

"ते कापायचं असतं."

"कापलेलं दिसत नाही."

एडिटर बिचारा दोन दिवस खुर्चीतच राहत होता. त्याचा डोळा लागला आणि माझा उघडला. फोन वाजायला लागले. खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकू जिना चढून आल्या. "मला ठाऊकच होतं! तुम्ही ते दूध प्यायलाच नाहीत ना? कुंडीत ओतलंत!" मी म्हटलं, काकू, ती चूक आहे. त्यांनी डोळा मारला. "सांगू नका हो. कळतंय आम्हाला."

आठवडाभर महाराष्ट्रात दुसरा विषय नव्हता. मोठ्याबाई का हसल्या? वर्तमानपत्रात एका समीक्षकाने लिहिलं की हे हसू म्हणजे पुरुषसत्तेला दिलेला मूक जबाब आहे. मला तो समीक्षक आवडला, पण माझ्या डोक्यात त्या वेळी गुलाबजाम होते.

लग्नाला चार दिवस उरले असताना दादाचा फोन आला.

"बाई, अभिनंदन. तुम्ही जिवंत आहात."

"मला कल्पना आहे."

"तसं नाही. चॅनेलने ठरवलंय. मास्टरस्ट्रोक म्हणताहेत. मी म्हटलं, हो, आमच्या डोक्यात पहिल्यापासून होतंच." तो खुशीत होता. "तुम्ही मेल्याचं नाटक केलंत. आता आश्रमात लपलाय. जुईलीचं लग्न आहे."

"चौथं?"

"चौथं. तुम्ही खांबाआडून तिची पाठवणी बघता आणि डोळ्यांतून धार लागते. बास, एक क्लोजअप. शनिवारी सकाळी या."

"शनिवारी ऋजुताचं लग्न आहे."

"म्हणूनच सकाळी म्हणतोय. मुहूर्त किती वाजता?"

"हेमंत, मी मेलेय. मेलेल्या बाईला कॉलटाइम लावतोस?"

"बाई, एक अश्रू!"

"जुने तीन लग्नांचे आहेत की. त्यातला वापर."

"त्यात तुम्ही हिरव्या शालूत आहात. आश्रमात हिरवा शालू कोण नेसतं?" मग आवाज एकदम मऊ झाला. "बरं, राहू दे. मुलीचं लग्न महत्त्वाचं. आशीर्वाद द्यायला मी येतोच नाशिकला."

सहा वर्षं मी त्या माणसाबरोबर काम केलं होतं. त्याचा आवाज मऊ झाला की कोणाचा तरी बळी जातो हे मला पाठ होतं. पण लग्नघरात डोकं ठिकाणावर नसतं. मी म्हटलं, ये.

तो आला. बरोबर कॅमेरामन आला, त्याचा मदतनीस आला आणि उन्हाची तिरीप तोंडावर पाडायचा तो पांढरा मोठा रिफ्लेक्टरही आला. मी ऋजुताला मुंडावळ्या बांधत होते, तेवढ्यात विहीणबाई धावत आल्या. चांदवडकरांच्या घरातल्या त्या थोरल्या, तोंडाने गोड आणि मोठ्याबाईंच्या एकनिष्ठ भक्त.

"विहीणबाई, अहो, सांगायचं तरी! टीव्हीवाले आलेत आपल्या लग्नाला! लोटलीकर म्हणाले, ही त्यांच्याकडून भेट आहे. मी त्यांना पुढच्या रांगेत बसवलं. सरबत दिलं. आमच्या नणंदा पुन्हा पावडर लावायला गेल्यात."

आता काय बोलणार? व्याह्यांनी सरबत पाजलेल्या माणसाला मुलीच्या आईने मांडवाबाहेर कसं काढायचं, याला कोणत्याही पोथीत विधी नाही.

मी दादाला जेवणाच्या पंगतीच्या मागे गाठलं. "हे काय आहे?"

"तुम्ही रागावू नका. तुम्हाला काहीच करायचं नाही. तुमचं लग्न तुम्ही करा. आम्ही फक्त पाठवणी घेतो. तुमचा एकटीचा चेहरा. ऋजुता दिसणारसुद्धा नाही." त्याने गुलाबजाम तोंडात टाकला. "बाई, खरं सांगू? तुमची तिन्ही रडणी उत्तम होती. पण ग्लिसरीनने ते येत नाही हो. आज खरं येणार. ते वाया का घालवायचं?"

वाया! मुलीच्या पाठवणीला आई आपल्या आपण रडली, कोणी चित्रित केलं नाही, तर ते वाया. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण चारी बाजूंनी चांदवडकर होते, हात धुवून माझ्या पाया पडायला रांगेत उभे. एका आजींनी माझा हात धरून विचारलं, "मोठ्याबाई, तुम्ही खरंच नाही ना गेलात?" मी म्हटलं, "अजून नाही, आजी."

मंदाताई लग्नाला आली होती. तिने दुरून सगळं पाहिलं आणि माझ्याजवळ येऊन पुटपुटली, "बाई, मेल्याने साडीचा रंग बघितलाय. तुम्ही साधी नेसलाय ना, आश्रमाला जुळते म्हणे."

मी माझ्या आईची जुनी बदामी रेशमी साडी नेसले होते. ऋजुताने निवडली होती.

दुपार कलली, आणि पाठवणीची वेळ आली. हॉलच्या दारात पाटावर ऋजुता उभी राहिली. मला तिची ओटी भरायची होती. नारळ, खण, तांदूळ. सगळ्यांनी रिंगण केलं आणि त्या रिंगणात, माझ्या अगदी समोर, कॅमेरा. रिफ्लेक्टर वळला. माझ्या तोंडावर उजेड आला. सहा वर्षांत त्या उजेडाची इतकी सवय झाली होती की मान आपोआप डावीकडे झुकायला लागली. डावीकडून मी बरी दिसते. मी ती मान जोर लावून सरळ केली.

ऋजुताने ओटी पसरली. "आई," ती म्हणाली आणि तिचा बांध फुटला.

मला रडायचे सगळे प्रकार येत होते. एका डोळ्यातून रडता येत होतं, संवादाच्या ठरलेल्या शब्दावर थेंब गालावर आणता येत होता. न रडायचं मात्र कोणी शिकवलेलं नव्हतं. नाक चुरचुरलं. समोर दादा हात हलवत होता, येऊ द्या, येऊ द्या, असा. ही माझी मुलगी होती, ही माझी पाठवणी होती, आणि पुढच्या बुधवारी हीच पाठवणी जुईलीच्या चौथ्या लग्नात चिकटवून टूथपेस्टच्या दोन जाहिरातींच्या मध्ये बसवणार होते.

मी मान वर केली, थेट कॅमेऱ्यात पाहिलं आणि हसले. तिरडीवर हसले होते तशी, दात दिसेपर्यंत.

दादाचा हात हवेत थांबला. "बाई..." तो कुजबुजला. मी हसतच राहिले. हसत तांदूळ घातले, अर्धे ओटीत, अर्धे जमिनीवर. हसत तिला जवळ घेतलं. हसत गाडीपर्यंत गेले. ती काचेतून माझ्याकडे बघत होती, डोळे सुजलेले, आणि मी कोणी वेडी बाई उभी असावी तशी हसत हात हलवत होते. कॅमेरा गाडी वळेपर्यंत चालू होता. खांबाआडून लपून बघणाऱ्या आईचा असा क्लोजअप कोणत्याच मालिकेत बसला नसता.

"काय केलंत हे?" दादा म्हणाला.

"हसून घेतलं. रीत आहे आपली."

गर्दी पांगल्यावर मी कोठीघरात जाऊन बसले. रडू आलं नाही. दिगंबर आले, शेजारी बसले आणि गुलाबजामांच्या रिकाम्या पातेल्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे लाल होते. त्यांच्यावर कोणी कॅमेरा लावला नव्हता.

मोठ्याबाई पुढच्या महिन्यात आश्रमाला लागलेल्या आगीत भाजल्या आणि पट्ट्या सोडल्यावर दुसऱ्याच नटीच्या चेहऱ्याने घरी परतल्या. घरच्यांनी ते सहज स्वीकारलं. मला त्यानंतर मालिका मिळाली नाही. पाठवणीत हसणारी बाई म्हणून क्षेत्रात नाव झालं होतं. मी नाट्यशिबिरं घेऊ लागले. कोथिंबीर विकत घ्यावी लागते, एवढाच काय तो फरक.

ऋजुताला मी यातलं काही सांगितलं नाही. त्या लोकांना सरबत देऊन बसवलं होतं तिच्याच सासूबाईंनी. नव्या घरात पहिल्याच आठवड्यात मुलीच्या कानात हे कशाला घालायचं? मग राहूनच गेलं. ती यायची, जायची, फोन करायची. कुठेतरी काहीतरी अंतर ठेवून बोलते असं वाटायचं. मी म्हणायचे, लग्न झालेल्या मुली अशाच.

गेल्या दिवाळीत ती मुलीला घेऊन ठाण्याला आली होती. नातीला आईचं लग्न बघायचं होतं. हॉलच्या फोटोग्राफरने केलेली सीडी ऋजुताने लॅपटॉपवर उतरवून आणली होती. आम्ही तिघी बसलो. पाठवणी आली. पडद्यावर ती रडत होती, आणि मी हसत होते.

"आजी, तू का हसतेस?" नातीने विचारलं.

"विचार, विचार," ऋजुता म्हणाली. आवाज थट्टेचा होता, पण चेहरा नव्हता. "आमच्या सासूबाई अजून म्हणतात, टीव्हीवर पदर भिजेपर्यंत रडायची तुझी आई, तुझ्या वेळी मात्र खुशीत होती. मला वाटलं, आईचं सगळं रडणं जुईलीवर संपलं."

मी पडद्यावर बोट ठेवलं. फोटोग्राफरने नेमका तो क्षण कोपऱ्यातून घेतला होता. त्यात रिंगण दिसत होतं, रिंगणात दादा दिसत होता, येऊ द्या, येऊ द्या, असा हात हलवणारा, आणि माझ्या तोंडावर वळलेला तो पांढरा रिफ्लेक्टर.

"टीव्हीवाले भेट म्हणून आले होते ना? मग हा तुला असा हात का करतोय?" ऋजुताने चित्र थांबवलं.

मग मी सांगितलं. तिरडीपासून, चौथ्या लग्नासकट. नात मध्येच कंटाळून फराळाच्या डब्याकडे गेली. ऋजुता ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे तू त्यांना दिलं नाहीस."

"तुझं होतं ते. त्यांना कसं देणार?"

तिने लॅपटॉप मिटला. खोलीभर बघितलं, मुद्दाम, वर पंख्याकडेसुद्धा. "आता कोणी नाहीये आई."

आणि मी रडले. काय ते रडणं! नाक गळत होतं, तोंड वाकडं, आवाज म्हशीसारखा, डावी बाजू-उजवी बाजू काही नाही. एकाही डायरेक्टरने तो शॉट ठेवला नसता. ऋजुताने मला धरून ठेवलं आणि तीही रडली, इतकी वर्षं माझ्यावर रुसून राहिलेली माझी पोर. शेवटी नात चकली खात येऊन दारात उभी राहिली आणि आमच्याकडे बघत बसली.

ऋजुताने माझ्या पदराने आधी माझे आणि मग स्वतःचे डोळे पुसले.

"झालं?" ती म्हणाली. "आता हसून घे एकदा."